रेनकोट निवडताना : पाणी कापडातून नव्हे, शिवणीतून शिरते

जूनच्या पहिल्या आठवड्यात मोसमी पाऊस गोव्याच्या किनाऱ्यावर उतरतो आणि म्हापसा, पणजी, फोंडा, मडगावच्या बाजारांत दुकानांच्या दारांवर रेनकोट लटकू लागतात. पुढच्या चार महिन्यांत राज्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. सत्तरी, सांगेच्या डोंगराळ भागांत तो याहूनही अधिक असतो. या चार महिन्यांतही असंख्य गोमंतकीयांचे पोट दुचाकीच्या चाकांवरच चालते. पहाटे पाव घेऊन निघणारा पोदेर, पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल घेऊन नाक्यावर उभा असणारा पायलट, वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार, रात्रपाळी संपवून घरी परतणारी परिचारिका, यांपैकी कोणालाही दर सरीला आडोशाला उभे राहणे परवडत नाही.

असे असूनही रेनकोटची खरेदी बहुधा घाईतच होते. पहिली मोठी सर अंगावर आली की माणूस दिसेल त्या दुकानात शिरतो, कापड दोन बोटांत चोळून पाहतो, किंमत विचारतो आणि मळ दिसू नये म्हणून काळा रंग निवडून बाहेर पडतो. पंधरा दिवसांत छातीवर ओल जाणवू लागते, मग पँटच्या बैठकीतून पाणी झिरपते, आणि जुलै संपेपर्यंत रेनकोट केवळ सोबत बाळगायचा म्हणून उरतो. यावर कोणी म्हणतो, स्वस्त वस्तू अशीच निघायची. कोणी पुढच्या वर्षी तिप्पट पैसे मोजतो आणि तरीही भिजतो. कारण दोघांनीही कापड पाहिलेले असते, शिवण पाहिलेली नसते.

हा प्रश्न केवळ ओल्या कपड्यांचा नाही. मानेतून पाणी उतरू लागले की स्वाराचे लक्ष रस्त्यावरून उडते. ओली, गारठलेली बोटे ब्रेकवर उशिरा वळतात. भिजलेला माणूस लवकर पोहोचण्यासाठी वेग वाढवतो, आणि तोही नेमका निसरड्या रस्त्यावर. रेनकोटचे लोंबते टोक चाकात गेले किंवा काळ्या रेनकोटातला स्वार मागून येणाऱ्या ट्रकचालकाला दिसलाच नाही, तर अनर्थ ओढवतो. म्हणून रेनकोटकडे हेल्मेटप्रमाणेच सुरक्षेचे साधन म्हणून पाहणे आवश्यक आहे. सुदैवाने चांगले साधन महाग असलेच पाहिजे असे नाही.

पाऊस समोरून येतो

पायी चालणाऱ्याला पाऊस वरून लागतो. दुचाकीस्वाराला तो समोरून लागतो. मध्यम ते मोठ्या आकाराचा पावसाचा थेंब ताशी साधारण २५ ते ३० किलोमीटर वेगाने खाली येतो. दुचाकी ताशी ५० किलोमीटरने जात असेल, तर स्वाराच्या दृष्टीने थेंबाचा आडवा वेग त्याच्या उभ्या वेगाहून अधिक ठरतो. परिणामी छातीच्या एक चौरस फुटावर डोक्यावरच्या तेवढ्याच जागेपेक्षा दीडपट ते दुप्पट पाणी आदळते. त्यात भर पडते ती पुढच्या चाकाने उडवलेल्या आणि समोरच्या वाहनाने फेकलेल्या पाण्याची, जे खालून वर येते.

चालण्यासाठी बेतलेला रेनकोट दुचाकीवर अपुरा पडतो तो यामुळे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या शेतकऱ्याचे इरले या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बांबूच्या सांगाड्यावर पाने बसवून केलेले इरले डोके आणि पाठ झाकते आणि पुढून मोकळे असते, कारण लावणी करणारा माणूस कंबरेत वाकलेला असतो आणि पाऊस त्याच्या पाठीवर पडतो. कामाची ठेवण पाहून ते बेतलेले असते. दुचाकीस्वाराची ठेवण याच्या नेमकी उलट आहे. तो बसलेला असतो, हात पुढे केलेले, गुडघे वाकलेले आणि छाती वाऱ्याला दिलेली. रेनकोट दुकानात उभ्याने घालून पाहिला तर तो नेहमीच बरोबर वाटतो. बसल्यावर बाह्या मनगटाच्या वर सरकतात, पँट घोट्याच्या वर जाते आणि पाठीमागे कोट कंबरेवरून वर उचलला जातो. जे अंतर उघडे पडते तेथून पाणी आत येते.

दोनशे वर्षांची जुनी अडचण

जलरोधक कापडाचा इतिहासही शिवणीकडेच बोट दाखवतो. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. कापड पाणी अडवत होते. पण शिंप्याने त्याचा कोट शिवला की सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत येई. शिवाय ते रबर थंडीत ताठ आणि उन्हात चिकट होई. रबरावर गंधकाची प्रक्रिया करण्याचे तंत्र १८४०च्या दशकात हाती आले आणि दुसरी तक्रार बरीचशी मिटली. भारतात सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली बंगालमध्ये जलरोधक कापडाचा उद्योग सुरू केला आणि त्याचा ‘डकबॅक’ रेनकोट पुढे देशभर घरोघरी पोहोचला. तेव्हापासून कापडे अनेक आली आणि गेली. सुईच्या छिद्राची अडचण मात्र कायम राहिली.

एका साध्या रेनकोटात काही मीटर लांबीची शिवण असते आणि तिच्या प्रत्येक सेंटिमीटरला तीन-चार टाके, म्हणजे तेवढीच छिद्रे. ती बुजवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात शिवणीवर आतल्या बाजूने उष्णतेने एक पारदर्शक किंवा करडी पट्टी चिकटवतात. दुसऱ्यात, विशेषतः पीव्हीसीच्या रेनकोटात, शिवतच नाहीत. दोन तुकडे उष्णतेने एकमेकांत वितळवून जोडतात. या दोहोंपैकी काहीही नसलेला रेनकोट, मग त्याचे कापड कितीही जाड आणि किंमत कितीही मोठी असो, सततच्या पावसात गळणारच.

पाणी आत येण्याच्या पाच जागा

शिवणीच्या दृष्टीने रेनकोटातील पाच जागा महत्त्वाच्या आहेत आणि खरेदीच्या वेळी त्या याच क्रमाने तपासाव्यात.

पहिली जागा पँटची बैठक. येथे चार तुकड्यांच्या शिवणी एका बिंदूत मिळतात, त्यांवर शरीराचे वजन पडते आणि आसनावर पाण्याचे लहानसे तळे साचलेले असते. ६० किलो वजन एक चौरस फुटावर पसरले, तर कापडावरचा सरासरी दाब सुमारे ६५० मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा होतो. बसण्याच्या हाडांखाली तो कितीतरी वाढतो. पावसाच्या थेंबांना दाद न देणारे कापडही येथे हार मानते ते याच कारणाने. ज्या पँटला बैठकीखाली कापडाचा दुसरा, अखंड तुकडा लावलेला असतो किंवा जिची शिवण बैठकीच्या मध्यातून न नेता मागे अथवा पुढे सरकवलेली असते, ती पँट अधिक टिकते.

दुसरी जागा छातीवरची चेन. चेनच्या दातांतून पाणी सहज आत जाते. म्हणून तिच्यावर वेलक्रोने किंवा टिचबटणांनी बंद होणारी कापडाची झडप हवी, आणि शक्य तर चेनच्या आतल्या बाजूसही दुसरी झडप हवी. बाहेरच्या झडपेखाली शिरलेले पाणी या आतल्या पन्हळीतून खाली वाहून जाते. एकेरी झडपेचा रेनकोट शहरातल्या शहरात चालतो. पेडण्याहून पणजीपर्यंत रोज येणाऱ्याला दुहेरीच हवी.

तिसरी जागा मान. हेल्मेटवरून ओघळणारे पाणी थेट कॉलरवर पडते. कॉलर उंच, आतून मऊ आणि वेलक्रोने आवळता येणारी असावी. रेनकोटची टोपी हेल्मेटच्या वर कधीही चढवू नये. वाऱ्याने ती फुगते, मान मागे खेचते आणि वळून पाहताना बाजूची दृष्टी झाकते. टोपी हेल्मेटखाली घालणेही योग्य नव्हे, कारण हेल्मेट डोक्यावर घट्ट बसत नाही. टोपी काढून ठेवता येईल असाच कोट घ्यावा.

चौथी जागा मनगटे आणि पाचवी घोटे. दोन्ही ठिकाणी केवळ सैल इलॅस्टिक पुरेसे नसते. इलॅस्टिकसोबत वेलक्रोची पट्टी असली तर हातमोजा किंवा बूट पाहून ती आवळता येते.

कापड कोणते

बाजारात परवडणाऱ्या किमतीत मुख्यतः दोन प्रकारची कापडे मिळतात. पहिले पीव्हीसीचे, जे कधी नुसते प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यासारखे असते, तर कधी पॉलिएस्टरवर पीव्हीसीचा थर दिलेला असतो. याचा जोड साधारणतः चारशे-पाचशे रुपयांपासून मिळतो. पाणी अडवण्यात पीव्हीसीला तोड नाही आणि त्याच्या शिवणी वितळवून जोडता येतात. दोष असा की हवा मुळीच आतबाहेर जात नाही, वजन अधिक असते, आणि घडीच्या रेषेवर किंवा उन्हात तापत राहिल्यास काही काळाने तडे जातात. त्यातला नुसत्या पातळ पत्र्याचा रेनकोट एकदा आरशाच्या दांडीत किंवा सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला लागला की संपला. तो केवळ अडीनडीसाठी डिकीत ठेवण्याच्या योग्यतेचा असतो.

दुसरे कापड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे, ज्याच्या आतल्या बाजूस पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा थर असतो. पट्टीबंद शिवणी आणि आतून जाळीचे अस्तर असलेला असा जोड साधारणतः हजार ते दोन हजार रुपयांच्या दरम्यान मिळतो. तो हलका असतो, लहान घडीत मावतो आणि लवकर वाळतो. रोज दुचाकी चालवणाऱ्या बहुतेकांसाठी हाच प्रकार योग्य ठरतो. याचाही शत्रू आहे, तो म्हणजे दमट साठवण. ओला रेनकोट डिकीत कोंबून ठेवला की पीयूचा थर ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, चिकट बनतो, त्याला आंबूस वास येतो आणि शेवटी तो पापुद्र्यांसारखा सुटतो.

काही रेनकोटांच्या चिठ्ठीवर ‘३००० मिमी’, ‘५००० मिमी’ असे आकडे असतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केल्यास ते पाझरू लागते, हे त्यातून कळते. वर सांगितलेला बैठकीचा दाब लक्षात घेतला तर दुचाकीसाठी हजार-दीड हजाराचा आकडा अपुरा आहे; ३०००च्या पुढचा घ्यावा आणि ५००० मिळाल्यास उत्तम. पण हा आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नव्हे. ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ या दोन शब्दांतही मोठे अंतर आहे. दुसऱ्याचा अर्थ इतकाच की हलक्या शिडकाव्यात थेंब कापडावरून ओघळतील.

महागड्या श्वासक्षम कापडाचे सत्य

चार-पाच हजारांच्या पुढे श्वासक्षम पडदा असलेले रेनकोट सुरू होतात. या पडद्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, परंतु घामाची वाफ बाहेर जाते. कल्पना खरी आहे आणि थंड देशांत ती उत्तम चालते. पण वाफ बाहेर ढकलली जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पदाबाच्या फरकामुळे. थंड प्रदेशात बाहेरची हवा गार आणि तिच्यातले बाष्प अत्यल्प असते. गोव्यात जुलैमध्ये बाहेरचे तापमान २५-२६ अंश आणि हवा बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. त्यामुळे हा फरक थंड देशाच्या तुलनेत निम्म्यावर येतो आणि पडदाही त्याच प्रमाणात मंदावतो. त्यातच बाहेरचे कापड पाण्याने चिंब झाले की वाफेची वाट आणखी अडते.

याचा अर्थ असा रेनकोट निरुपयोगी आहे असे नाही. चोर्ला घाटातून बेळगावला नेहमी जाणाऱ्याला, किंवा अनमोडच्या चढावर थंड वारा आणि पाऊस झेलत तासन् तास गाडी चालवणाऱ्याला त्याचा लाभ होतो. पण पर्वरीहून पणजीला किंवा नुव्याहून मडगावला जाणाऱ्याने त्यासाठी कर्ज काढू नये. जाळीचे अस्तर, काखेत किंवा पाठीवर झडपेखाली ठेवलेली हवेची खिडकी आणि अंगाला न चिकटणारे मोकळे माप, हे तीन उपाय किनारपट्टीवर अधिक उपयोगी पडतात. आतून येणारी सगळीच ओल गळतीची नसते हेही ध्यानात ठेवावे. पाठीवर सगळीकडे सारखी ओल असेल तर तो घाम. ठरावीक रेषेत किंवा ठिपक्यात असेल तर ती गळकी शिवण.

लोंबणारे टोक आणि उघडी छत्री

डोक्यातून घालायचा झग्यासारखा रेनकोट, ज्याला पोंचो म्हणतात, स्वस्त असतो, एका मापात सर्वांना येतो आणि पटकन अंगावर चढवता येतो. दुचाकीवर मात्र तो धोकादायक आहे. त्याची मोकळी टोके वाऱ्याने मागे फडफडतात आणि चाकात किंवा साखळीत अडकू शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३व्या नियमाने दुचाकीला मागच्या स्वारासाठी पकडायला आधार, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे आवरण बंधनकारक केले आहे. या आवरणालाच बोलीत साडीगार्ड म्हणतात. गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून टाकणाऱ्यांनी पावसाळ्यात तरी ते पुन्हा बसवून घ्यावे.

पुलावरचा वारा हाही स्वतंत्र विचार करण्याजोगा विषय आहे. पणजीच्या अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही; त्यांना मांडवीवरच्या जुन्या पुलांवरूनच जावे लागते, आणि तेथे नदीवरून येणारा आडवा वारा अडवायला काहीच नसते. फार ढगळ रेनकोट अशा वेळी शिडासारखा फुगतो. म्हणून बसल्यावर अपुरा पडणार नाही इतका मोठा, पण कंबरेला आणि बाह्यांना आवळता येईल असाच कोट हवा. अंगातल्या मापापेक्षा एक आकडा मोठा घ्यावा. दोन आकडे मोठा घेऊ नये.

मागे बसलेल्या व्यक्तीने छत्री उघडणे हा प्रकार मात्र पूर्णपणे टाळावा. मीटरभर व्यासाची उघडी छत्री ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यासमोर धरली तर तिच्यावर सात-आठ किलोंचा ओढा येतो. आधीच निसरड्या रस्त्यावर तोल सांभाळणाऱ्या गाडीला हा एका बाजूने बसणारा हिसका पुरेसा असतो. मागे बसणाऱ्याचाही स्वतंत्र रेनकोट असणे हाच उपाय. शाळकरी मुलांसाठी दप्तराकरिता पाठीवर जागा सोडलेले रेनकोट मिळतात. ते घेताना मुलाला गाडीवर बसवून खालची कड चाकापासून किती वर राहते हे पाहावे.

रंग मळखाऊ नको

पावसाळ्यात भर दुपारीही उजेड संध्याकाळसारखा असतो. करडे आभाळ, ओला काळा रस्ता आणि त्यावर काळा किंवा गडद निळा रेनकोट घातलेला स्वार, हे सगळे मोटारीच्या ओल्या काचेतून एकमेकांत मिसळून जाते. मळ दिसू नये म्हणून घेतलेला रंग स्वारालाही दिसेनासा करतो. झगझगीत पोपटी-पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसा उठून दिसतो, कारण तो सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. हे किरण ढगांआडूनही पोहोचतात. रात्री मात्र या रंगाचा विशेष गुण उरत नाही. तेव्हा उपयोगी पडते ती परावर्तक पट्टी, जी दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते.

म्हणून दोन्ही हवीत, रंग दिवसासाठी आणि पट्टी रात्रीसाठी. पट्टी पाठीवर असावी आणि बाह्यांवरही असावी. पाठीवर बॅग घेतल्यास तिथली पट्टी झाकली जाते हे विसरू नये. गडद रेनकोट आधीच घरात असेल तर नवा घेण्याची गरज नाही. जाळीचे परावर्तक जाकीट थोड्या पैशांत मिळते आणि रेनकोटवर चढवता येते. १ एप्रिल २०१७पासून तयार झालेल्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनसोबत आपोआप पेटतो. त्याच्या जोडीला मागचा दिवा चिखलाने झाकलेला नाही ना, हे निघण्यापूर्वी पुसून पाहावे.

डोळे, हात आणि पाय

रेनकोटवर दोन हजार खर्चून हेल्मेटची ओरखडलेली काच तशीच ठेवणे हा उलटा व्यवहार आहे. ओरखड्यांवर पाणी साचते आणि समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्यात फुटून डोळ्यांपुढे पांढरा पडदा उभा करतो. बऱ्याच हेल्मेटांची नवी पारदर्शक काच काही शे रुपयांत बदलून मिळते. काळपट छटेची काच पावसाळ्यात वापरूच नये. काचेवर आतून वाफ धरते ती श्वासातील उबदार बाष्प पावसाने गार झालेल्या काचेला लागते म्हणून. भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या मऊ फडक्याने पुसला तर काही काळ वाफ धरत नाही. काच किंचित उघडी ठेवणे आणि हनुवटीजवळची हवेची झडप मोकळी ठेवणे हेही उपाय आहेत. हेल्मेट मात्र भारतीय मानक आयएस ४१५१चे चिन्ह असलेलेच हवे, आणि ते चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही हवे.

हातमोजे घेताना आतल्या बाजूची पकड पाहावी. स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे पाणी अडवतात, पण ओल्या मुठीवर काही वेळा घसरतात आणि घामाने आतून चिंब होतात. गाडी चालवताना हाताचा उतार मनगटाकडे असतो, त्यामुळे बाहीवरून ओघळणारे पाणी मोज्यात जाऊ नये म्हणून रेनकोटची बाही मोज्याच्या वर असावी. हाच नियम पायांना लागू आहे. पँट बुटात खोचू नये, बुटावरून खाली सोडावी. बुटावर चढवायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तळ गुळगुळीत असतात आणि सिग्नलला पाय टेकताना घसरतात. त्या घ्यायच्याच तर रबरी, खाचांचा तळ असलेल्या घ्याव्यात. टाचेला पट्टा असलेली रबरी सँडल आणि पिशवीत कोरडे मोजे-बूट, ही अनेक कामगारांची जुनी पद्धत आजही व्यवहार्य आहे. पायातून निसटणारी चप्पल मात्र टाळावी.

दुकानातली दहा मिनिटे

खरेदीला पाऊस सुरू होण्यापूर्वी जावे, कारण पहिल्या सरीनंतर मापे संपतात आणि दुकानदाराला बोलायला सवड नसते. कोट उलटा करून आतल्या शिवणी पाहाव्यात. खांद्यापासून काखेपर्यंत आणि बैठकीत सगळीकडे पट्टी आहे का, तिच्या कडा सुटलेल्या आहेत का, हे बोटाने चाचपावे. मोबाइलचा दिवा आतून लावून शिवणीवर धरला तर पट्टी नसलेली छिद्रे चांदण्यांसारखी दिसतात. नंतर रोजचे कपडे आणि हेल्मेट घालून रेनकोट अंगावर चढवावा आणि दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या दुचाकीवर बसून हात हँडलवर ठेवावेत. मनगटे, घोटे किंवा कंबर उघडी पडत असेल तर वरचे माप मागावे. दोन्ही बाजूंना मान वळवून पाहावी. कॉलर हेल्मेटला अडता कामा नये.

घरी आणल्यावर चिठ्ठी काढण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. बैठकीची शिवण खोलगट करून तिच्यात पेलाभर पाणी ओतावे आणि दहा मिनिटे थांबून खाली कोरडा कागद लावून पाहावा. ओल आली तर कोट परत करता येतो. जुलैत गळती कळली तर तो परत घेणारे कोणी नसते. याच कारणासाठी बिल जपून ठेवावे.

हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. चारशे रुपयांचा पातळ रेनकोट एका हंगामात दोनदा घ्यावा लागला तर वर्षाला आठशे रुपये होतात. दीड हजारांचा पट्टीबंद जोड तीन पावसाळे टिकला तर वर्षाला पाचशे. पण दीड हजार एकदम काढणे शक्य नसेल तर क्रम लावावा. पहिला खर्च हेल्मेटच्या स्वच्छ काचेचा, दुसरा परावर्तक जाकिटाचा, तिसरा चांगल्या पँटचा, कारण सर्वांत आधी पँटच गळते; कोट मात्र जोडून बनवलेल्या जाड पीव्हीसीचा असला तरी काही काळ चालून जातो.

टिकवणे हीच बचत

जुना रेनकोट टाकून देण्यापूर्वी त्याच्या शिवणी पाहाव्यात. कापड शाबूत असेल आणि गळती केवळ शिवणीतून असेल, तर शिवणीला लावायचे द्रव सीलंट किंवा इस्त्रीने बसणारी पट्टी वापरून तो दुरुस्त करता येतो. सीलंट कोरड्या, स्वच्छ कापडावर आतून लावावे आणि पूर्ण दिवसभर सुकू द्यावे. पीयूचा थरच सुटू लागला असेल तर मात्र कोणताही उपाय टिकत नाही.

घरी पोहोचताच रेनकोट झटकून, उलटा करून, वारा लागेल अशा ठिकाणी टांगावा. आतली बाजू वाळली की बाहेरची वर करावी. चिखल साध्या पाण्याने धुवावा. कपड्यांची पावडर, ब्रश आणि वॉशिंग मशीन यांनी थर खरवडला जातो. पाऊस संपल्यावर तो पूर्ण वाळवून, घट्ट घडी न घालता, खुंटीला लटकवून ठेवणे उत्तम. कागदपत्रे आणि मोबाइल यांसाठी रेनकोटच्या बाहेरच्या खिशावर विसंबू नये. त्या खिशांत पाणी साचतेच. तोंड घट्ट बंद होणारी साधी प्लॅस्टिकची पिशवी आतल्या खिशात ठेवणे पुरेसे असते.

एवढे करूनही एक मर्यादा उरते. ज्या सरीत पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसेनासा होतो, त्या सरीत कोणताही रेनकोट स्वाराला वाचवू शकत नाही. अशा वेळी झाडाखाली नव्हे, रस्त्यापासून दूर, पक्क्या छपराखाली थांबणे एवढेच हातात असते. ती सर बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. पण थांबण्याचा निर्णय कोरडा माणूसच शांतपणे घेऊ शकतो. अंगावरचे कपडे चिंब झालेल्याला घर गाठण्याची घाई असते, आणि ती घाईच घात करते.